अकरावा दिवस

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, ऐन पेरणीत युरियाची असते, पण लक्ष देणाऱ्या माणसांची टंचाई या गावाने कधी पाहिली नाही. दिग्रसच्या गाडीतून उतरणाऱ्याच्या हातात मिठाईचा पुडा असला, तर तो घरी पोचायच्या आत पुडा कोणत्या दुकानाचा, वजन किती आणि पाहुणे पसंती कळवून गेले की नुसते पोहे खाऊन गेले, एवढं सगळं चौकाला ठाऊक झालेलं असतं. अकोल्याहून येणाऱ्याच्या काखेत दवाखान्याचं मोठं पाकीट असलं, तर आतला फोटो मणक्याचा की गुडघ्याचा, हे त्याच्या चालीवरून सांगणारे तज्ज्ञ पानठेल्यावर बसलेले असतात. डॉक्टरला यंत्र लागतं. यांना लागत नाही.

बुद्धाने सांगितलेल्या जागरूकतेचं निम्मं काम मानोऱ्याने केव्हाच उरकून ठेवलंय. क्षणाक्षणाला पाहायचं, काही सुटू द्यायचं नाही, समोर जे घडतंय तिथे पुरतं हजर राहायचं. या कसोटीवर आमच्या चौकातला कोणताही माणूस कोणत्याही भिक्खूच्या शेजारी बसवा. अडचण एवढीच की बुद्धाने पाहायला सांगितलं स्वतःकडे, आणि आमची सगळ्यांची मान वळलेली शेजाऱ्याच्या अंगणाकडे. स्वतःच्या श्वासाचं म्हणाल तर तो चालू आहे एवढं माहीत असतं, तेही दम लागला तरच.

अशा गावातून एक माणूस विपश्यनेला गेला.

आमच्या गल्लीत एक बाबूजी राहतात, सरकारी कचेरीत आहेत. कोणत्या ते सांगत नाही, कारण माझा एक अर्ज अजून त्यांच्या टेबलावर आहे. स्वभाव तापट. अर्जावरची सही रकान्याच्या बाहेर गेली तरी यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जायचा. बीपी वाढलं, डॉक्टरांनी मीठ तोडलं, मीठ तुटल्यामुळे राग आणखी वाढला. शेवटी कोणीतरी सांगितलं की राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजा मिळते. रजा हा शब्द ऐकल्यावर बाबूजींची धम्मावरची श्रद्धा एकदम दृढ झाली.

तेल्हाऱ्याजवळ धम्म अनाकुल हे विपश्यना केंद्र आहे, शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं, ते जवळ पडलं असतं. पण बाबूजी म्हणाले, जायचं तर इगतपुरीला. लग्नाचा बस्ता अन् मोक्ष, दोन्ही मोठ्या पेठेतूनच घ्यावेत अशी आमच्याकडची समजूत. १९७६ मध्ये तिथे धम्मगिरी सुरू झालं, अन् देशोदेशीचे लोक तिथे येऊन मांडी घालतात. बाबूजी कारंज्यावरून मूर्तिजापूरला गेले आणि रेल्वेत बसले. निघताना सोबत दोन कुलपं, एक टॉर्च, चिवड्याचा डबा आणि मुळव्याधीचं औषध. यातला चिवडा केंद्राच्या दारातच जमा झाला. फोनही जमा झाला, पण दुःख चिवड्याचं जास्त झालं.

बाबूजी तिथल्या ध्यानाच्या खोलीत डोळे मिटून बसले असतील तेव्हा त्यांना आपण नेमके कोणाच्या परंपरेत बसलोय हे माहीत नव्हतं, आल्यावर मीच सांगितलं. ही परंपरा सत्यनारायण गोयंकांची. ते जन्मले १९२४ मध्ये ब्रह्मदेशात, मंडालेला, मारवाडी व्यापाऱ्याच्या घरात. तरुणपणी त्यांना अर्धशिशी इतकी भयंकर की मॉर्फिन घ्यावं लागे, देशोदेशीचे डॉक्टर झाले, उपयोग नाही. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन यांनी आधी चक्क नाही म्हटलं. नुसतं डोकं दुखतं म्हणून येणार असाल तर दवाखाना गाठा, हे मन शुद्ध करायचं काम आहे, असा त्यांचा पवित्रा. आता हे ऊ बा खिन कोण? कोणी अरण्यवासी महास्थविर? नाही. ब्रह्मदेशाचे महालेखापाल! १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या पदावर बसलेला पहिला माणूस. कचेरीतल्या कारकुनांना ते कचेरीतच ध्यान शिकवत.

हे ऐकून बाबूजी बराच वेळ गप्प बसले. ऑडिट या शब्दाने ज्यांचं बीपी आयुष्यभर वर राहिलं, त्यांना ते खाली आणण्याची विद्या ऑडिटवाल्यांच्याच साहेबाकडून आली, ही गोष्ट पचायला वेळ लागणारच. एवढंच म्हणाले, "म्हणजे आमच्या कचेरीत बी होऊ शकते म्हणा." होऊ शकतं. पंखे बंद असतात त्या वेळी करून पाहावं.

शिबिराच्या त्या दहा दिवसांबद्दल फार सांगत नाही, तिथे जाऊन आलेला प्रत्येक माणूस ते सांगतच असतो. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, दिवसाकाठी दहा तासांवर बसणं, संध्याकाळी पाचला चहा आणि फळ, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत पोटाला काही नाही. आर्य मौन. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, त्याला आनापान म्हणतात, मग सगळ्या अंगावरच्या संवेदना. बाबूजींना पहिल्या दिवशी कळलं की आपल्याला गुडघे दोन आहेत. तोवर एकच दुखायचा. चौथ्या दिवशी पाठीत मुंगी चालल्यासारखं झालं, हीच ती सूक्ष्म संवेदना म्हणून ते समतेने पाहत राहिले. ती मुंगीच होती.

इकडे गावात बाबूजींच्या पत्नीचं, आमच्या वहिनींचं, मत वेगळं. पहाटे चारला उठायचं, मुकाट्यानं राहायचं, साधं जेवायचं, दुसऱ्यानं सांगितलेल्या वेळी बसायचं आणि उठायचं: एवढ्यासाठी इगतपुरीला जायची गरज काय, असा त्यांचा सवाल. "मी तर लग्न झाल्यापासून हेच करून राह्यली. मले नाई कोणी रजा देत." यावर धम्मसेवकांकडे उत्तर असेल तर असो, आमच्या गल्लीत कोणाकडे नव्हतं.

खरी परीक्षा शिबिरात नसतेच. दहाव्या दिवशी मौन सुटतं, मंगल मैत्री होते, अकराव्या दिवशी सकाळी सामान आवरून माणूस बाहेर पडतो. पुण्या-मुंबईचा माणूस बाहेर पडला की गर्दीत मिसळतो, त्याला राग आला की नाही हे पाहायला वेळ कोणाला आहे? मानोऱ्यात तसं नाही. इथे परीक्षक आधीच येऊन बसलेले असतात.

बाबूजी गाडीतून उतरले तेव्हा पानठेल्यावर सहा जण होते, सगळे त्यांच्याच तोंडाकडे पाहत. पहिला निष्कर्ष चेहऱ्यावरचा: "तेज आलं का नाई?" दुसरा पोटावरचा: "उतरलं बाप्पा दोन किलो." तिसरा म्हणाला, थांबा, खरं काय ते उद्या कळल. दुसऱ्या दिवशी बाबूजींच्या फाटकासमोर कोणीतरी मोटरसायकल आडवी लावून ठेवली. मुद्दाम. अख्खी गल्ली ओट्यांवर बसून निकालाची वाट पाहत होती. बाबूजी बाहेर आले, गाडी पाहिली, डोळे मिटले, दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "मले राग आला हाय, याची मी नोंद घेतली."

"नोंद घेतली, मंग पुढची कारवाई?" पलीकडच्या ओट्यावरून प्रश्न आला. तो माणूस तीन महिन्यांपासून फेरफारासाठी चकरा मारतो आहे.

बाबूजींनी कारवाई केली नाही. गाडीला वळसा घालून गेले. गल्लीची घोर निराशा झाली. पण मानोरा हार मानणारं गाव नव्हे. पुढचा आठवडाभर परीक्षांचे पेपर निघत राहिले. भाजीवाल्याने सुटे मुद्दाम एक-एक रुपयाचे दिले. जेवायला बसायच्या वेळी लाईन गेली (ही मात्र कोणी मुद्दाम घालवली नव्हती, ती आपल्या धर्माप्रमाणे गेली). मे महिन्यात, पारा ४४ वर, पंखा बंद झालेला असताना घामाची एक धार मानेवरून पाठीकडे निघाली आहे आणि तिच्याकडे तटस्थपणे पाहायचं आहे, हे शिबिरातल्या न हलता बसायच्या कोणत्याही अधिष्ठानापेक्षा कठीण आहे हे मी ठामपणे सांगतो. शेवटी भावकीतल्या एकाने धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, विषय काढला. धुरा म्हटल्यावर वऱ्हाडात अर्हतसुद्धा उठून उभा राहील. बाबूजी म्हणाले, "राग येऊन राह्यला, हे मले जाणवून राह्यलं." समोरचा म्हणाला, "मले बी जाणवून राह्यलं. कान लाल झाले तुमचे."

गाव मग दोन तटांत विभागलं. एक म्हणे, दहा दिवस बसून आला अन् तरी रागावते, म्हणजे पैसे पाण्यात. दुसऱ्याने दुरुस्ती केली की पैसे लागतच नाहीत, सगळं दानावर चालतं. पहिला म्हणाला, मंग ठीक हाय. माझं मत विचाराल तर बाबूजी पास झाले. आधी त्यांचा राग त्यांच्या अगोदर निघून समोरच्याच्या अंगावर पोचायचा, हे मागून धावत यायचे. आता दोघं एकाच वेळी पोचतात. एवढा फरक पडायला काहींना जन्म लागतात.

आता शहरातल्या लोकांची एक तक्रार असते की खेड्यागावात या गोष्टींना वातावरण नाही. शांतता पाहिजे, डोंगर पाहिजे, फोनवर घंटी वाजवणारं ॲप पाहिजे. त्यांनी एकदा मज्झिमनिकायातलं दहावं सुत्त काढून पाहावं. सतिपट्ठानाचा तो उपदेश, ज्याच्यावर जगभरची ही सगळी जागरूकतेची पेठ उभी आहे, तो बुद्धाने अरण्यात केला नाही. कुरूंच्या देशात कम्मासधम्म म्हणून गाव होतं, तिथे केला. निगम होतं ते, बाजाराचं गाव. म्हणजे सरळ हिशेब मांडला तर तालुक्याचं ठिकाण! तिथे नक्कीच एखादा पानठेला असणार. आणि सांगितलं काय? येता-जाता, पाऊल टाकताना, इकडे-तिकडे पाहताना, हातपाय आखडताना-पसरताना, खाताना, चावताना, संडासला जातानासुद्धा, बोलताना आणि गप्प बसताना, आपण काय करतो आहोत याचं भान ठेवा. या यादीत डोंगर कुठेच नाही.

त्या सुत्तावरच्या जुन्या टीकेत, म्हणजे अट्ठकथेत, तर कुरू लोकांचं वर्णन फार मजेदार आहे. पाणवठ्यावर अन् सूत कातायच्या जागी बाया एकमेकींना विचारायच्या, बाई, तू कोणतं सतिपट्ठान करतेस? एखादी म्हणाली काहीच नाही, तर बाकीच्या तिची खरडपट्टी काढत, जिवंत असून मेल्यासारखी आहेस म्हणत, अन् मग तिला शिकवायला बसत. वाचताना मला आमची हापशीच डोळ्यांपुढे आली. खरडपट्टी तिथेही रोज निघते, फक्त विषय सुनेचा असतो.

तिथेच एका पोपटाचीही हकिकत आहे. एक नाचणारा आपला पोपट भिक्खुणींच्या विहारात विसरून गेला. थोरल्या भिक्खुणीने विचारलं, तुझं काही ध्यान-बिन चालू आहे का? नाही म्हणाला. मग तिने त्याला एकच धडा दिला: हाडं. हाडं, हाडं, असं मनात घोकत राहायचं. एके दिवशी सकाळच्या उन्हात बसलेला असताना ससाण्याने त्याला उचललं. आरडाओरडा झाला, ससाण्याने सोडलं. भिक्खुणीने विचारलं, नखांत सापडलास तेव्हा काय आलं मनात? पोपट म्हणाला, दुसरं काही नाही, हाडांचा एक सापळा दुसऱ्या सापळ्याला घेऊन निघालाय, आता ही हाडं कुठे विखुरणार, एवढंच. मी ही गोष्ट पानठेल्यावर सांगितली. सगळे गंभीर झाले. मग एकाने विचारलं, "पोपट कोन्या गावचा म्हणालात?" माहिती पूर्ण असलेली बरी.

बाबूजींचा उत्साह टिकून होता. त्यात त्यांच्या कानावर मनुकेची गोष्ट आली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन नावाच्या माणसाने १९७९ मध्ये ताणाच्या रुग्णांसाठी हेच सगळं बुद्धाचं नाव बाजूला ठेवून काही आठवड्यांच्या वर्गात बसवलं. त्यात एक मनुका खायला देतात. एकच. ती आधी पाहायची, हुंगायची, बोटांत फिरवायची, मग जिभेवर ठेवायची, मग कधीतरी चावायची. बाबूजींना हे कळल्यावर त्यांनी पानठेल्यावर प्रयोग लावला. मनुका महाग, म्हणून फुटाणे आणले. प्रत्येकाच्या तळहातावर एक.

"नुसतं पाहा त्याच्याकडं."

पाहिलं. पहिल्याने विचारलं, सालासकट खायचा की सोलून? दुसरा म्हणाला, हा जॅकी दिसते, चाफा नाही. तिसऱ्याने त्यावरून यंदाचा हरभऱ्याचा दर काढला, चौथ्याने मागच्या वर्षीचा काढला, आणि बघता बघता चर्चा सोयाबीनवर गेली. सोयाबीनच्या ओलीवर आली. बाजार समितीत ओल मोजायचं यंत्र असतं, १२ टक्क्यांच्या वर काटा गेला की भाव खाली येतो, आणि तो काटा वर जाताना शेतकरी ज्या एकाग्रतेने पाहतो ती आनापानाच्या कोणत्याही साधकाला लाभावी अशी असते. श्वास तर त्या वेळी आपोआपच थांबतो. हे सगळं होईस्तोवर पाचव्याने पुडी संपवली होती. त्याला विचारलं, चव जाणवली का? म्हणाला, "तुमी बोलून राह्यले होते, म्हणून जाणवली. नाईतर आमच्या वाट्याले येतच नाई."

आमच्या जिल्ह्याला हे सगळं नवं आहे असं मात्र कोणी समजू नये. आज ज्याला वाशीम म्हणतात ते वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात भिक्खूंसाठी एक सुंदर लेणं कोरून दिलं. कुठे? अजिंठ्याला! सोळा नंबरचं लेणं, शिलालेखासकट. सत्ता इकडची, पैसा इकडचा, अन् काम मंजूर झालं पार तिकडे. विदर्भाचा अनुशेष मोजायला लोक दांडेकर समितीपासून सुरुवात करतात. मी वराहदेवापासून करतो.

तरी वर्षावासात आमच्याकडच्या विहारांत जाऊन बसावं. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. वाचणारी बरेचदा एखादी बारावीतली मुलगी असते, ऐकणाऱ्या आज्या पांढऱ्या लुगड्यांत भिंतीला टेकून. वंदना झाली की पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. त्या पाच मिनिटांत एका आजोबांच्या खिशात फोन वाजला. वाजला म्हणजे पूर्ण भीमगीत कडव्यासकट वाजलं. आजोबांनी डोळे न उघडता बटण दाबलं आणि सगळ्या विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहारात हाय. ध्यान करून राह्यलो. बोल."

कोणी हसलं नाही, कोणी डोळे उघडले नाहीत. पलीकडून विचारलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं: म्हैस कुठे बांधायची. ते सांगून झालं आणि आजोबा पुन्हा श्वासावर गेले. मला तर ही साधना पक्की वाटली.

बाबूजींचं गावाबाहेर पाच एकर वावर आहे. जुलैत सोयाबीन वीतभर आलं की निंदायला बाया लावतात. ओळीने बसलेल्या दहा-बारा जणी, हातात विळे, आणि तोंड एक क्षण बंद नाही. कोणाची सून, कोणाचा बचत गट, पोहरादेवीच्या यात्रेत कोण हरवलं होतं, सगळं निघतं. हात मात्र गवत तेवढं उपटतात. सोयाबीनचं रोप अगदी गवताला चिकटून असलं तरी चुकून येत नाही. बाबूजी एका रविवारी सकाळी तिथे गेले. हल्ली ते चालण्याचं ध्यान करतात: पाऊल उचललं, पुढे नेलं, ठेवलं, असं मनाशी म्हणत, डोळे अर्धे मिटून. तसेच धुऱ्यावरून तासात उतरले आणि कौतुकाने बायांकडे पाहत उभे राहिले.

"मावशी," त्यांनी सगळ्यात थोरलीला विचारलं, "एवढ्या बोलता, अन् हात चुकत नाई. तुमचं ध्यान राह्यते तरी कुठी?"

मावशीने मान वर केली नाही.

"सध्या तं तुमच्या पायाकडं हाय, बाबूजी. सोयाबीनवर उभे हा तुमी."